वरच्या आवाजाची जागा

आमच्याकडे समोरून माणूस जात असताना गुपचूप जेवायची सोय नाही. माणूस ओळखीचा असो वा नसो, आधी हाक मारायची, "या, जेवायला या!" तो "झालं हो," म्हणत पुढे जातो आणि मग आपण खाली मान घालून जेवतो. ही हाक लहानपणापासून जिभेवर इतकी बसलेली असते की तिला डोकं लागत नाही. पावलं वाजली की ती आपोआप निघते, तोंडात घास असला तरी.

माझं दुकान आमच्या बेटांच्या राजधानीत, नुकुआलोफात, तालामाहू बाजाराच्या मागच्या गल्लीत, शिवणकामवाल्या पेसीच्या डोक्यावर आहे. एक खोली, एक लांब टेबल, एक लाकडी दार. बाजारातली धूळ आत नको म्हणून दार लोटलेलं असतं. गिऱ्हाईक टकटक करतं आणि मी आतून ओरडते. कोपऱ्यात एक उभा पंखा आहे. तो उजवीकडे वळताना कुरकुरतो आणि डावीकडे पोचला की खट् करतो. सगळ्या बेटाची मशीनं दुरुस्त करणाऱ्या बाईला स्वतःचा पंखा दुरुस्त करता येत नाही, असं पेसी येईल त्याला सांगते. येतो, पण मला तो आवाज आवडतो.

त्या सोमवारी दुपारी मी नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू खात होते. दारावर टकटक झाली.

"या, जेवायला या!"

"झालं, ताई," म्हणत एक तरुण मुलगी आत आली. काळे कपडे, आणि कंबरेपासून पार छातीपर्यंत गुंडाळलेली जाडीभरडी, कडा फाटलेली चटई. शोकात नेसायची चटई एवढी मोठी, म्हणजे आईबापांपैकीच कुणीतरी गेलेलं. चेहरा पाहिला आणि ओळखलं.

"तू कोलोवाईच्या केलेपीची तोआकासे ना? ऑकलंडला असतेस ती?"

"हो."

"वाईट झालं गं. तुला यायला उशीर झाला म्हणे."

"वादळ होतं. विमानतळ बंद. मी पोचले तोवर कबरीवर वाळू टाकून झाली होती." हे तिने बाजारभाव सांगावा इतकं सरळ सांगितलं.

तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं एक गाठोडं होतं. ते तिने दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं आणि एक पाऊल मागे सरकली. "तुम्हीच सोडा," म्हणाली. मी गाठ सोडली. आत एक जुना, जाड, काळा लॅपटॉप निघाला.

"बाबांचा आहे. ते गेल्यापासून चालू होत नाही."

केलेपीला तोंगाटापूचं सगळं बेट ओळखत होतं. कोलोवाईच्या चर्चचं गायनमंडळ त्याने उभं केलं होतं, म्हणजे आधी पाडलं होतं आणि मग उभं केलं होतं. हातात काठी नाही की काही नाही. वाकवलेल्या बोटाने लाकडावर ठोके द्यायचा: दोन सावकाश, तीन भरभर. ठक. ठक. ठक-ठक-ठक. की ऐंशी माणसं एका श्वासात सुरू. जरा कुणी चुकलं की पुन्हा तेच ठोके आणि "पुन्हा पहिल्यापासून!" हा स्वर्गाच्या दारावर टकटक करील आणि आतल्या सगळ्यांना पहिल्यापासून गायला लावील, असं लोक म्हणायचे. मला त्याने सोळाव्या वर्षी मंडळातून काढलं होतं. आवाज फाटका आहे म्हणाला. होता फाटका, पण सगळ्यांसमोर सांगायची काही गरज नव्हती. मीही त्याला तिथल्या तिथे चार शब्द ऐकवले होते. नंतर रस्त्यात भेटलो की दोघंही हसायचो.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"गाणं. या रविवारी चर्चची वार्षिक सभा आहे ना, सगळ्या बेटांवरची मंडळं येणार. बाबांनी नवीन गाणं बांधलं होतं. सगळे आवाज स्वतःच गाऊन यात ठेवलेत. पुरुषांचे, बायकांचा खालचा, सगळे."

"बायकांचाही? गळा आवळून?"

ती पहिल्यांदा हसली. "हो. पण वरचा आवाज रिकामा ठेवलाय. मला फोनवर म्हणाले, ती जागा तुझी आहे, तू आलीस की भर. मंडळाला शिकवायला सुरुवातही केली नव्हती त्यांनी. कागदावर एक अक्षर नाही." तिने चटईची फाटकी कड बोटात धरली. "मला त्यांचा चेहरा बघायला मिळाला नाही, ताई. आवाज तरी ऐकू दे."

"मिळेल की. त्यात काय?"

"आत्या म्हणते, बंद पडलंय ते बरंच झालं, गाणं त्याच्याबरोबर जाऊ दे. शनिवारी कबरीवर काळे खडे घालणार आहेत. खड्यांच्या खाली हे पण ठेवायचं म्हणते."

आमच्याकडे आत्याच्या शब्दावर शब्द नसतो. भावाच्या घरातलं डुक्कर असो, चटई असो की लग्नातला केक असो, ती बोट दाखवील ते तिचं. पण ते त्यांच्या घरात. माझ्या टेबलावर आलेलं मशीन माझं असतं.

"मशीन काय कबरीत घालायची वस्तू आहे?" मी म्हटलं. "शुक्रवारी ये. चालू करून देते."

आता चालू न होणारा लॅपटॉप म्हणजे माझ्यासाठी रोजची भाजीभाकरी. इथला खारा वारा आतल्या तांब्यावर हिरवी बुरशी चढवतो, मुंग्या वसाहत करतात, पाल गरम जागा बघून अंडी घालते. एकदा तर एका शिक्षकाच्या लॅपटॉपमधून पालीची दोन जिवंत पिल्लं निघाली होती. त्यामुळे मी घाबरत नाही आणि घाईही करत नाही. बाहेरून आत जायचं. आधी वीज, मग बॅटरी, मग मेमरी, मग पडदा.

बटण दाबलं. दिवा लागला, आतला पंखा फिरला, पडदा काळा. हे पाहून मला बरंच वाटलं, कारण मशीनमध्ये जीव होता.

चार्जर मोजला, बरोबर. बॅटरी काढून फक्त चार्जरवर लावून पाहिलं, पडदा काळा. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, टोकं खोडरबराने घासली, जागा बदलून बसवल्या. काळा. बाहेरचा पडदा जोडला. तोही काळा. घड्याळाचा छोटा सेल काढून थोडा वेळ तसंच ठेवलं, म्हणजे मशीन आपल्या जुन्या खोडी विसरतं. विसरलं नाही. सगळं खोलून पाहिलं. बुरशी नाही, मुंग्या नाहीत, पाल नाही. केलेपी सगळीकडे नीटनेटका होता, आतूनही.

मंगळवारी मी एकेक भाग काढून दुसऱ्या मशीनमध्ये बसवायला घेतला. माझ्याकडे त्याच जातीचा एक फुटक्या पडद्याचा लॅपटॉप पडलेला होता. केलेपीची मेमरी त्यात घातली, चालली. केलेपीची बॅटरी चालली. पडदा चालला. शेवटी अख्खा मदरबोर्ड उचलून त्यात बसवला, तोही लख्ख सुरू झाला. मग त्याला केलेपीची हार्डडिस्क जोडली आणि पडदा काळा झाला.

म्हणजे डिस्क. मी खूश झाले, दोषी सापडला म्हणून. डिस्क काढून तपासायच्या मशीनला लावली. एकही डाग नाही, नव्यासारखी. फक्त आतलं वाचता येत नव्हतं, कारण केलेपीने तिला कुलूप घातलं होतं आणि असली डिस्क आपल्या स्वतःच्या बोर्डाशिवाय कुणाशी बोलत नाही. सगळे भाग धडधाकट होते. एकत्र आले की गप्प.

मी सगळं पुन्हा त्याच्या मूळ अंगात बसवलं आणि बटण दाबलं. दिवा, पंखा, काळा पडदा. आणि तेव्हा मला आतून ठोके ऐकू आले.

डिस्क ठोके देते, त्यात नवल नाही. मरायला टेकलेली डिस्क अशीच ठकठक करते, आतली सुई जागा शोधत राहते. पण ही डिस्क मी आत्ताच तपासली होती. मी कान लावला. ठक. ठक. मग तीन, भरभर.

तेवढं ऐकून मी कोपऱ्यातला पंखा बंद केला. ठोके स्पष्ट झाले.

मी डिस्क बाहेर काढून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. ठोके चालूच राहिले. डिस्कमधून नाही, रिकाम्या झालेल्या मशीनमधून. मी चार्जर ओढून काढला, बॅटरी काढली. दिवा गेला, आतला पंखा थांबला. आता टेबलावर नुसता प्लास्टिकचा आणि तांब्याचा ढिगारा होता.

ठक. ठक. ठक-ठक-ठक.

खाली पेसीचं शिवणयंत्र चाललं असेल, म्हणून मी जिना उतरून पाहिलं. पेसी यंत्रावर डोकं ठेवून घोरत होती. बाजारात कलिंगडांची गाडी रिकामी होत होती, तिचाही आवाज असा नव्हता. मी वर आले. ठोके थांबले नव्हते. लाकडावर वाकवलेलं बोट, अगदी तसेच.

माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू? पण काटा आला की मला आधी राग येतो. मी खुर्ची ओढली, पंखा पुन्हा लावला आणि त्या ढिगाऱ्यासमोर बसले.

"हे बघ केलेपी," मी मोठ्याने म्हटलं, "तुझा हट्ट तुझ्या मंडळात. माझ्यापुढे हट्ट चालणार नाही."

पंखा उजवीकडे वळला, कुरकुरला. डावीकडे जाऊन खट् झाला. ठोके थांबले.

बुधवार आणि गुरुवार मी दुसरं काम हातात घेतलं नाही. बोर्डावरचा एकेक सांधा भिंगाखाली पाहिला. संशय आला तिथे पुन्हा कथलाचा डाग दिला. बटणाची पातळ पट्टीसुद्धा बदलली. एका बँकेचा प्रिंटर वाट बघत होता, त्याला म्हटलं बघ वाट. ठोके पुन्हा आले नाहीत, पण मी बटण दाबलं की दर वेळी तोच दिवा, तोच पंखा आणि तोच काळा पडदा. त्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसायचा, घामेजलेला. तो मला चिडवतोय असं वाटायचं. सोळाव्या वर्षी वाटलं होतं तसंच.

शुक्रवारी दुपारी मी डबा उघडला आणि दारावर टकटक झाली.

"या, जेवायला या!"

आधी तोआकासे आत आली, खांदे पाडून. तिच्या मागून लेसिएलीआत्या. तीही काळ्या कपड्यांत होती, पण तिच्या कंबरेची चटई लहान, रेशमासारखी बारीक विणीची, आजीच्या पेटीतली. भावापेक्षा बहीण मोठ्या मानाची, शोकातही. केलेपी गेल्यावर प्रेताच्या उशाशी मानाने ही बसली होती. पोरांना मागच्या अंगणात चुलीपाशी जागा.

"जेव तू, लोसालिने," आत्या म्हणाली. "आम्ही फार वेळ घेणार नाही. माझ्या भावाची वस्तू दे, निघते."

"काम अजून संपलेलं नाही."

"संपलंय. तुलाच कळलेलं नाही."

"चार दिवस मी या मशीनच्या पोटात हात घालून बसलेय, आत्या. एकही भाग मेलेला नाही. मेलेला नाही त्याला पुरायचं कसं?"

तोआकासेने मान वर केली. आत्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती टेबलापाशी आली आणि आपला जाडजूड पंजा मशीनवर ठेवला. आमच्याकडे म्हणतात, बापाचा कोप झाला तर तो आत्याच्या हाताने उतरतो. बापाच्या ताटातलं खाऊन पोराचा घसा सुजला, तर आत्याने गळ्यावरून हात फिरवायचा. माझ्या आईने माझ्या भावाला तसं एकदा आत्याकडे नेलं होतं आणि सूज उतरली होती. मी त्याला गोळी पण दिली होती, हेही सांगते.

आत्याने बटण दाबलं. दिवा, पंखा, काळा पडदा.

"बघितलंस?" ती म्हणाली. पण तिचा आवाज जरा खाली आला होता. तिच्या हातालाही मशीन उठलं नव्हतं, आणि ते तिच्या मनाला लागलं असावं. "झोपलाय तो. झोपू दे."

आता यापुढचं मी काही सुचून विचारलं नाही. काम अडलं की मी पुन्हा पहिल्या प्रश्नावर येते, गिऱ्हाईक टेबलाशी आल्यावर विचारायचा असतो त्या. सोमवारी मी तो विचारलाच नव्हता.

"घरी हे कोणी कोणी चालू करून पाहिलं होतं?"

"पाद्रीबाबांनी," तोआकासे म्हणाली. "मग चुलतभावाने. शेजारच्या शाळामास्तरांनी दोनदा."

"आणि तू?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मी?"

"तू बटण दाबलंस का?"

"मी कशी दाबणार, ताई? बाबांचं आहे."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याच्या पेल्यातलं प्यायचं नाही, त्याच्या गादीवर टेकायचं नाही, त्याची वस्तू वापरायची नाही. हे सगळं मलाही आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. म्हणूनच तिने चादरीची गाठ मला सोडायला लावली तेव्हा मला काही खटकलं नाही. परगावचा कुणी कारागीर असता तर त्याने पहिल्याच मिनिटाला तिला म्हटलं असतं, दाब बघू. ज्याच्यासाठी ते मशीन थांबलं होतं, ते एकच बोट सोडून सगळ्यांची बोटं त्यावर पडून गेली होती.

"दाब," मी म्हटलं.

"लोसालिने!" आत्या ओरडली.

"काय म्हणाले होते तुला? ती जागा तुझी, तू भर. मग? दाराबाहेर उभी राहून भरणार आहेस?"

"हात लावलास तर घसा बसेल तुझा," आत्या म्हणाली. आता ती तोआकासेशीच बोलत होती, हळू आवाजात, आणि ती धमकी वाटत नव्हती. ती खरंच घाबरली होती. "पोरी, परवा गायचंय ना तुला? तो घसा जाईल. मी हात फिरवणार नाही, सांगून ठेवते."

तोआकासेने आत्याकडे पाहिलं. मग मशीनकडे.

"नका फिरवू," ती म्हणाली.

आणि तिने बोट बटणावर ठेवलं.

दिवा लागला.

पंखा फिरला.

पडदा उजळला.

मी इतक्या वर्षांत इतकी मशीनं उठवली, पण कधी टाळी वाजवली नव्हती. त्या दिवशी वाजवली. तोआकासे दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती. पडद्यावर कोलोवाईच्या झाडांवर उलटी लटकलेली वटवाघळं होती, आणि त्यांच्यामध्ये एकच फाइल. तारीख केलेपी जायच्या आधीच्या आठवड्यातली.

तिने ती स्वतःच उघडली.

आधी ठोके. दोन सावकाश, तीन भरभर. मग केलेपी. एक केलेपी, दोन केलेपी, मग चार, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखे. बायकांचा खालचा आवाज गळा आवळून, अगदी हास्यास्पद, आणि तरीही सुरात. आणि या सगळ्यांच्या वर एक मोकळी जागा होती. ती ऐकूच यायची. सगळे आवाज तिच्याकडे तोंड करून गात होते.

आत्या खुर्चीत बसली. सख्खा भाऊ असला तरी तो जिवंत असेतोवर बहिणीने त्याच्यासोबत एका खोलीत बसायचं नाही, ही आमची रीत. साठ वर्षांत तिने त्याचं गाणं चर्चमधून ऐकलं होतं, भिंतीपलीकडून ऐकलं होतं, असं हातभर अंतरावरून कधीच नाही. तिच्या बारीक विणीच्या चटईवर टपटप पाणी पडायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"पुन्हा पहिल्यापासून," मशीनमधून केलेपी म्हणाला. ठोके.

तोआकासेला ठसका लागला. आत्या दचकून उठली. पण पोरीने आवंढा गिळला, डोळे मिटले आणि त्या जागेत शिरली.

घसा बसला नाही तिचा. हे मी छातीठोक सांगते. माझ्या दुकानात बसला नाही आणि रविवारी दीड हजार माणसांसमोरही बसला नाही.

गाणं संपलं. फाइल मात्र संपली नव्हती, पडद्यावरची रेघ अजून पुढे सरकत होती.

त्यात कुरकुर ऐकू आली. मग खट्.

मी कोपऱ्यातल्या पंख्याकडे पाहिलं. तो त्या वेळी उजवीकडे होता, डावीकडे अजून पोचायचा होता.

पुन्हा कुरकुर. पुन्हा खट्. माझा पंखा एका तालात, मशीनमधला दुसऱ्या.

मग एक बाई बोलली. फाटका आवाज. "माझ्यापुढे हट्ट चालणार नाही."

तोआकासेने माझ्याकडे पाहिलं.

मशीनमध्ये आता डब्याचं झाकण उघडलं. चमचा वाजला. थोडा वेळ काहीच नाही. मग लाकडावर, दारावर पडावेत तसे ठोके पडले. दोन सावकाश, तीन भरभर.

आणि माझाच आवाज, तोंडात घास असलेला:

"या, जेवायला या!"

दार ढकलल्याचा आवाज आला. फाइल संपली.

"तुम्ही बाबांना कधी बोलावलंत?" तोआकासेने विचारलं. ती घाबरलेली नव्हती. तिचा चेहरा उजळला होता.

"मी नाही बोलावलं."

"अजून नाही," आत्या म्हणाली आणि चटई सावरत उठली. दारातून बाहेर पडताना तिने दाराला हात लागू दिला नाही.

तोआकासे मशीन घेऊन ऑकलंडला परत गेली. जाताना माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "आले तर नाही म्हणू नका हं, ताई." मी तिला जिन्यापर्यंत सोडलं. केलेपी भला माणूस होता. पण भला असला तरी ज्याच्या अंगावर वाळू आणि काळे खडे पडलेत, त्याला मी जेवायला हाक मारणार नाही. माझी जीभ आहे, माझ्या मर्जीने हलेल. त्याने एकदा तिला गप्प केलं होतं. आता तिने काय बोलावं, हे त्याने ठरवायचं नाही.

दुकानात जेवणं मी सोडलं नाही. का सोडू? माझं दुकान, माझा डबा. त्याऐवजी मी सोमवारी सकाळी स्क्रू काढून दारच उतरवलं. दारच नाही तर ठोके कशावर देणार?

"चोर येतील," पेसी खालून म्हणाली.

"येऊ देत. ते टकटक करत नाहीत."

दार जड होतं. जिन्यावरून खाली न्यायला माणूस मिळेना, म्हणून आतच मागच्या भिंतीला टेकवून ठेवलंय, सुट्या भागांच्या कपाटाशेजारी. आता धूळ येते खरी. पण वाराही येतो, आणि जिन्यावरचा माणूस डोकं वर काढतो तेव्हाच दिसतो. मग मी त्याला बघून, ओळखून, नीट विचार करून हाक मारते.

काल दुपारी मी अळू आणलं होतं. जिना रिकामा होता. मला थेट गल्लीपर्यंत दिसत होतं. पंखा उजवीकडे वळला, कुरकुरला. मी पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या पाठीमागे, भिंतीला टेकवलेल्या दारावर ठोके पडले.

दोन सावकाश. तीन भरभर.

हाक घशाशी आली होती. मी ती घासासकट दाबून धरली आणि चावत राहिले. अळू ते, चावायला काय लागतं? पण चावत राहिले. मागे वळून पाहिलं नाही.

पंखा डावीकडे जाऊन खट् झाला. ठोके पुन्हा पडले, जरा जोरात.

घास संपत आला तसा मी दुसरा तोंडात कोंबला. डब्यात अजून चार होते.